वर्ग फुगवू नका, वर्गांची संख्या वाढवा!



आमच्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा केटरिंगचा छोटा धंदा करतो. मागच्या वर्षी त्याने 'उद्योजकांच्या ऑनलाइन समुदायात' प्रवेश घेतला. फी पंचेचाळीस हजार, तीही हप्त्याने. पहिल्या शनिवारी झूमवर चारशे जण होते. प्रश्न विचारायचा तर चॅटमध्ये टाका, असे सांगितले गेले. तिसऱ्या शनिवारनंतर सगळ्यांचे कॅमेरे बंद. सहा आठवड्यांत त्याच्या धंद्याचा हिशेब कुणी एकदाही पाहिला नाही. कोर्स संपला, हप्ता मात्र अजून चालू आहे.

यावर आपल्याच लोकांच्या दोन प्रतिक्रिया आल्या. वडीलधारे म्हणाले, "ऑनलाइन सगळी फसवणूक, त्यापेक्षा एमपीएससी कर." तरुण म्हणाले, "त्याच्यातच जिद्द नव्हती." आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, कारण दोन्हीत विकणारा सहीसलामत सुटतो.

मुळात ही पद्धत आली कशी, ते समजून घेऊ. २०१२ च्या सुमारास जगभर डंका पिटला गेला की मोठ्या विद्यापीठांचे व्हिडिओ फुकट मिळाले की शिक्षणातली विषमता संपेल. पुढे एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते सुमारे ३ टक्के. म्हणजे व्हिडिओ लाखोंपर्यंत पोहोचतो, पण माणसाला शेवटपर्यंत टिकवून ठेवत नाही. माणूस टिकतो तो सोबतच्या माणसांमुळे. हे ओळखून सेथ गोडिन यांनी २०१५ मध्ये 'ऑल्टएमबीए' सुरू केले. त्यात चार आठवडे, छोटे गट, सतत काम आणि एकमेकांच्या कामावर टीका, अशी रचना होती. यालाच 'कोहोर्ट' म्हणतात. आपल्या भाषेत बॅच. मग भांडवल धावून आले. अशा बॅचेससाठी मंच उभारणाऱ्या 'मेव्हन' कंपनीला २०२१ मध्ये २ कोटी डॉलर मिळाले. एकामागून एक बॅचेस काढत सुटलेल्या 'ऑन डेक'ला मात्र २०२२ या एकाच वर्षात दोनदा कर्मचारी कपात करावी लागली.

यात कोडे काहीच नाही. व्हिडिओची दुसरी प्रत फुकट निघते, पण मार्गदर्शकाच्या लक्षाची प्रत निघत नाही. गुंतवणूकदाराला वाढ हवी असते, म्हणून वीसच्या गटाचे चारशे होतात. मार्गदर्शक तेवढेच राहतात आणि 'समुदाय' हा शब्द फक्त जाहिरातीत उरतो.

मग हे सगळे सोडून द्यायचे का? नाही! समाजशास्त्रात बोर्द्यू ज्याला सामाजिक भांडवल म्हणतो, तेच इथे विकले जाते. व्यापारी जातीतल्या मुलाला ते पेढीवर, मामाच्या गोदामात, लग्नाच्या पंगतीत फुकट मिळते. माल उधार कोण देतो, कोणत्या बँकेत कुणाला भेटायचे, पहिला तोटा कसा सोसायचा, हे त्याला कुणी फी घेऊन शिकवत नाही. आपल्या पहिल्या पिढीच्या उद्योजकाला यातले काहीच मिळत नाही. 'स्टँड अप इंडिया'सारखी कर्जयोजना २०१६ मध्ये कागदावर आली. पण फॉर्म भरताना शेजारी बसणारे माणूस योजनेतून येत नाही. म्हणूनच बॅचची गरज सर्वात जास्त आपल्याला आहे. आणि भरमसाट फी, इंग्रजी संभाषण, "आडनाव काय?" या चाळण्या लावून नेमके आपल्यालाच बाहेर ठेवले जाते.

ही कल्पना आपल्याला परकीही नाही. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासमंडळे आणि औद्योगिक शिक्षण होते. १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह निघाले. १९४६ च्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. शिकणाऱ्याच्या जगण्याभोवती शिक्षणाची रचना करणे, हा आपला वारसा आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. गट वीसचा ठेवा, तीन महिन्यांचा. दर आठवड्याला प्रत्येकाने आपली खतावणी किंवा आपले काम गटासमोर ठेवायचे. यूट्यूबवाल्याने व्हिडिओ दाखवावा, केटरिंगवाल्याने बिल. प्रत्येक गटातून चार जणांनी पुढचा गट चालवायचा. चौथ्या फेरीत ६४ गट, १,२८० माणसे. हे झाले कागदावर. चारऐवजी दोघेच टिकले तर ८ गट, १६० माणसे. तरी त्या १६० जणांना कुणीतरी नावाने ओळखत असेल, चारशेच्या झूममध्ये ते एकालाही मिळाले नाही.

आणि फुकट चालवू नका. फुकट चालणारे काम शेवटी कुणाच्या तरी बायकोच्या, बहिणीच्या वेळावर चालते. परवडेल अशी फी घ्या, गट चालवणाऱ्याला मानधन द्या, हिशेब विहारात फलकावर लावा. वेळ ठरवताना आधी बायांना विचारा.

तोवर बाहेर पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. माझ्या गटात किती जण? माझे काम कोण तपासणार? मागच्या बॅचमधल्या, मी निवडलेल्या दोघांशी बोलता येईल का? शिकवणाऱ्याचे घर धंद्यावर चालते की धंदा शिकवण्यावर? उत्तर टाळले, तर फोन ठेवा.

आपली गर्दी मोजून दुसऱ्याची कंपनी मोठी होते. संघटित होणे म्हणजे गर्दी होणे नव्हे, हे आपल्याला तरी कुणी नव्याने शिकवायची गरज पडू नये.

जय भीम!