वजनाचा काटा थांबला, म्हणून डाएट सोडू नका!

पहिल्या आठवड्यात दोन किलो कमी, तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलेना. अनेकांचं डाएट इथेच सुटतं किंवा उपासमार सुरू होते. दोन्ही चूक. सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणी. शरीरातल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. साठा घटला की तेही जातं. चरबी मात्र सावकाश उतरते, आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो. ८० किलोच्या व्यक्तीने ४ किलो, म्हणजे ५ टक्के वजन घटवलं, तरी रक्तदाब आणि साखर सुधारू शकते. म्हणून ‘महिन्यात दहा किलो’च्या जाहिरातींना भुलू नका. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी करा. लग्नात जिलेबी खाल्ली? पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या, इतकंच.