लघवीची नळी काढायची कोणी?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. औषध दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळ्या देतात आणि कंपन्या नवी औषधे काढत नाहीत. दोन्ही खरे आहे, पण रुग्णालयात खाटेच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे क्वचितच कोणी बोट दाखवते. प्रतिजैविके निकामी करणाऱ्या ‘एनडीएम-१’ या कुप्रसिद्ध विकराची जगाला २००९ मध्ये ओळख झाली, ती दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका रुग्णाच्या लघवीतल्या क्लेबसिएला जिवाणूमुळे. त्यानंतर देशात मोठा वाद झाला तो विकराच्या नावात घातलेल्या दिल्लीवरून; वॉर्डातल्या रोजच्या कामकाजावर मात्र तेवढे बोलले गेले नाही. आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत तपासलेल्या क्लेबसिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर इमिपेनेमसारखे राखीव औषधही चालत नाही. अशा वेळी संसर्ग झाल्यावर कोणते औषध द्यायचे याहून तो होऊ कसा द्यायचा नाही, हा प्रश्न मोठा ठरतो. लघवीच्या नळीपुरते त्याचे उत्तर साधे आहे. गरज नसेल तर नळी घालू नये आणि गरज संपली त्या दिवशी ती काढावी.

हे एवढ्या ठामपणे म्हणता येते, कारण इथे धोका दिवसांवर मोजला जातो. मूत्राशयात नळी असलेल्या रुग्णांपैकी ३ ते ७ टक्क्यांच्या लघवीत दर दिवशी नव्याने जिवाणू शिरतात. महिनाभर नळी राहिली तर बहुतेक कोणीच सुटत नाही. हे जिवाणू लघवीत नुसते तरंगत नाहीत. ते नळीच्या आतून-बाहेरून चिकट थर करून राहतात. त्या थरात औषध पुरेसे पोहोचत नाही, आणि दाटीने राहणारे जिवाणू प्रतिकाराची जनुके एकमेकांना देत राहतात. प्रोटियससारखा जिवाणू लघवीतले क्षार साचवून नळीच तुंबवतो. म्हणून नळी तशीच ठेवून इंजेक्शनांचा कोर्स केला तर ताप उतरतो, थर मात्र शिल्लक राहतो, आणि पुढच्या खेपेला त्याच औषधाला पुरून उरलेले जिवाणू भेटतात. नळी असलेल्या रुग्णाची लघवी गढूळ दिसली किंवा तपासणीत जिवाणू सापडले, पण ताप वा इतर लक्षण नाही, तर सहसा प्रतिजैविक देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही केवळ अहवाल पाहून औषध सुरू केले जाते, आणि प्रतिकाराला खतपाणी मिळते ते इथेच.

नळी राहून जाते ती बहुधा विसरल्यामुळे. अमेरिकेतल्या चार रुग्णालयांत केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रुग्णाला नळी आहे हे साधारण चारातल्या एका डॉक्टरला ठाऊकच नव्हते. वरिष्ठ डॉक्टरांत हे प्रमाण ३८ टक्के होते. उलट, नळीची रोज आठवण करून देणारी किंवा ठरल्या दिवशी ती काढायला लावणारी पद्धत आणली की संसर्ग जवळपास निम्म्याने कमी होतो, असे अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसले. तिथल्याच ६०३ रुग्णालयांतल्या मोहिमेचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सर्वसाधारण वॉर्डांत संसर्ग ३२ टक्क्यांनी घटला, अतिदक्षता विभागात मात्र फारसा फरक पडला नाही. तिथे तासातासाची लघवी मोजावी लागते, आणि ती गरज खरी आहे. माझे म्हणणे सर्वसाधारण वॉर्डांबद्दल आहे. चांदीचा मुलामा दिलेली महागडी नळी हा त्यावरचा उपाय नव्हे. ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत थोड्या दिवसांच्या वापरासाठी तिचा फायदा दिसला नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मनुष्यबळाचा आहे. रात्रपाळीला एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड असताना उठता न येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला बेडपॅन कोण देणार, ओली चादर कोण बदलणार? नळी घातली की निदान एवढी धावपळ वाचते, आणि नातेवाईकही तीच मागतात. ही अडचण खरी आहे. ती सांगणाऱ्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. पण वाचलेले हे श्रम पुढे दुप्पट वसूल होतात. तापाने फणफणलेला रुग्ण आणखी किती तरी दिवस खाट अडवतो, त्याला कोलिस्टिनसारखे मूत्रपिंडाला इजा करू शकणारे औषध द्यावे लागते, आणि त्याच्या पिशवीतले जिवाणू हातांवरून शेजारच्या खाटेवर जातात. वॉर्डातल्या मावशी आणि वॉर्डबॉय यांची रिकामी पदे भरणे हा म्हणूनच संसर्ग रोखण्याचा खर्च मानला पाहिजे. तोवर पुरुष रुग्णांना जमेल तिथे बाहेरून लावायची कंडोम नळी किंवा हाताशी ठेवलेले लघवीचे भांडे चालते. नळी काढल्यावर लघवी अडली तर, ही भीती काही रुग्णांत रास्त असते. पण त्यासाठी काही तास लक्ष ठेवावे आणि लागलीच तर एकदा लघवी काढून नळी बाहेर घ्यावी, हे दहा दिवस नळी ठेवण्याहून बरे.

मग सक्ती कशाची करायची? दंडाची नको. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने २००८ पासून रुग्णालयातच झालेल्या अशा संसर्गाचे जादा पैसे देणे थांबवले. नंतरच्या अभ्यासात त्याने संसर्ग कमी झाल्याचे दिसले नाही, आणि दंडाच्या धाकाने आकडे दडवण्याचा मोह वाढतो. आपल्याकडे एनएबीएच हे गुणवत्तेचे मानांकन असलेल्या रुग्णालयांना या संसर्गाचे प्रमाण मोजावेच लागते. ते सगळ्याच रुग्णालयांनी मोजावे, त्यासोबत नळ्यांचे एकूण दिवसही मोजावेत आणि दोन्ही आकडे लोकांसमोर ठेवावेत. शिवाय नळी घालतानाच केसपेपरवर कारण आणि काढायची तारीख लिहिलेली असावी. आणि ती तारीख उलटली, कारणही उरले नाही, तर डॉक्टरांच्या राउंडची वाट न पाहता नळी काढण्याचा लेखी अधिकार सिस्टरला असावा.