बियाण्याचा धनी कोण?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी एक लाख कोटी रुपयांची संशोधन-विकास योजना मंजूर केली. खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्पव्याजी वा बिनव्याजी भांडवल पुरविणाऱ्या या योजनेत जैवतंत्रज्ञानही आहे. जोखीम समाजाने घ्यावी, नफा मात्र भागधारकांनी, ही कुठली मिश्र अर्थव्यवस्था?

जिंतूरच्या कोरडवाहू कापूसउत्पादकाला हा व्यवहार परिचित आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने सार्वजनिक पैशातून सिद्ध केलेला ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण मराठवाड्यात रुजला होता. २००२ मध्ये मोन्सँटोच्या मालकीचा बीटी जनुक आला आणि तो नसलेला विद्यापीठाचा वाण मागे पडला. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशेहून अधिक रुपये पडत. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा कुठे भाव साडेसातशेवर उतरला. (महाराष्ट्र सरकारला हे आधी सुचले नाही!) पुढे २०१७ मध्ये हे तंत्र गुलाबी बोंडअळीपुढे निष्प्रभ ठरले, पंचनामे सरकारी यंत्रणेने केले, मदत सरकारी तिजोरीतून जाहीर झाली.

खासगी भांडवलाचे आम्हांस सोवळे नाही. परंतु सरकारी पैशातून निपजणाऱ्या जनुकावर सरकारचाही हक्क हवा, आणि कृषी विद्यापीठांना त्याचा परवाना विनामूल्य मिळावा. येत्या खरिपापूर्वी कार्यकर्त्यांनी ही मागणी जिंतूरच्या मोंढ्यात मांडावी.