सिम पोर्ट केलं, पण टीव्हीवर काय चालू आहे? माधुरीसाठीच्या बहिष्काराचा हिशेब

विशेष विश्लेषण

नांदणी मठाची माधुरी ऊर्फ महादेवी हत्तीण २८ जुलै २०२५ ला जामनगरच्या वनताराकडे रवाना झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव एकच विषय सुरू झाला: जिओ सोडा. वनतारा अंबानींचं, जिओही अंबानींचं, म्हणून राग सिमवर निघाला. १९०० ला मेसेज टाकायचा, आलेला कोड घेऊन दुकानात जायचं, स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवायचा. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रेत हजारो लोक चालले.

६ ऑगस्टला वनताराने दिलगिरी व्यक्त केली. मठ आणि राज्य सरकार कोर्टात गेल्यास पाठिंबा देऊ, नांदणी परिसरात हत्तीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायला मदत करू, असं जाहीर केलं. हे फक्त सिममुळे घडलं असं म्हणता येणार नाही, पण लोकांच्या एकजुटीचा दबाव होता हे नक्की.

आता जरा स्वतःला विचारू. सिम बदललं, पण संध्याकाळी घरात स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठीची मालिका लागतेच ना? ही दोन्ही चॅनेल जिओस्टारची आहेत. आयपीएल बघायला जिओहॉटस्टार उघडतो. किराणा दुकानातली दहा रुपयांची कॅम्पासुद्धा रिलायन्सचीच.

म्हणजे बहिष्कार खोटा होता का? तसं नाही. एवढ्या मोठ्या समूहाची प्रत्येक वस्तू टाळणं सामान्य माणसाला जमणारं नाही. काही वाड्या-वस्त्यांवर दुसऱ्या कंपनीची रेंजच नीट मिळत नाही. तिथं पोराचा ऑनलाइन अभ्यास किंवा बँकेचा ओटीपी अडवून कुणाचंच भलं होत नाही. पण जे जमतं आणि जे जमत नाही, ते आधीच ठरवून प्रामाणिकपणे सांगावं. "मी सिम सोडलं, टीव्ही नाही सोडला" असं म्हणण्यात लाज नाही. सगळं सोडल्याचा आव आणण्यात आहे.

दुसरी गोष्ट मागणीची. तक्रार पेटा या प्राणीहक्क संघटनेची होती. हत्तीण हलवायचा आदेश मुंबई हायकोर्टाचा होता आणि सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. आपण कोर्टाच्या आदेशाप्रमाणेच वागलो, असं वनताराचं म्हणणं आहे. मग कंपनीकडून आपल्याला नेमकं काय हवं? माधुरी परत येण्यासाठी कोर्टात साथ, की आणखी काही? हे ठरलेलं नसेल तर बहिष्कार कधी थांबवायचा तेही ठरत नाही, आणि मग तो थांबत नाही, नुसता विरून जातो.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची. कंपनीवर बहिष्कार हा आपला हक्क आहे. पण "तू अजून जिओ वापरतोस?" म्हणून कुणाला ग्रुपमधून काढणं, जिओचं रिचार्ज मारणाऱ्या दुकानदाराला दमात घेणं हा हक्क नाही. माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्यात २०१६ चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पटवून सांगा, जबरदस्ती नको.

शेवटचं. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. म्हणजे पहिले तीन महिने नियमच आपल्याला बांधून ठेवतो. खरी परीक्षा ९१ व्या दिवशी. स्वस्त ऑफरचा मेसेज येतो, गर्दी पांगलेली असते, स्टेटस बघायला कुणी नसतं. त्या दिवशी आपण जे करू, तेवढंच आपलं तत्त्व.