करसल्लागार आणि महसुली सत्ता

कुंभकोणम हे मराठी अभ्यासकाला परके गाव नव्हे. तंजावरच्या मराठी राज्यात त्याचा अंतर्भाव होता; त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव १८२८ साली तेथील मराठी कुटुंबात जन्मले. ते ज्या मद्रास इलाख्यात वाढले, तेथे सारावसुलीसाठी रयतेस शारीरिक यातना दिल्या जात, हे १८५५ च्या छळ-चौकशी आयोगाने उघड केले. आयोगाचे निदान त्याहून मोलाचे होते. वसुली करणारा तहसीलदारच पोलिसी अधिकारही वापरी. त्यामुळे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याचकडे दाद मागावी लागे.

त्या यातनांचा काळ सरला. वसुली आणि धाक एकाच हाती असण्याचा प्रश्न मात्र सरलेला नाही. जून २०२५ मध्ये करकायद्याचे ज्येष्ठ भाष्यकार, मद्रासचे वकील अरविंद दातार यांना, त्यांनी दिलेल्या एका कायदेशीर अभिप्रायावरून सक्तवसुली संचालनालयाने समन्स पाठविले. हे संचालनालय केंद्राच्या महसूल विभागाखाली येते. वकीलवर्गाच्या निषेधानंतर समन्स मागे घेण्यात आले. पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधील अपवाद वगळता अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी वकिलास बोलावता येणार नाही. अपवादातही वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी संमती लागेल.

निर्णय स्वागतार्ह आहे, परंतु हे संरक्षण वकिलांपुरतेच आहे. कुंभकोणमसारख्या गावातील व्यापारी करविषयक सल्ल्यासाठी बहुधा सनदी लेखापालाकडे किंवा करव्यवसायीकडे जातो. १९६१ च्या आयकर कायद्याने त्यांनाही अधिकाऱ्यापुढे करदात्याची बाजू मांडण्याची मुभा दिली. सल्ल्याची गोपनीयता मात्र दिली नाही. सल्ला तोच, पण सनद वेगळी म्हणून संरक्षण नाही, हा भेद समर्थनीय नाही.

सल्लागारच करचुकवेगिरीत सामील असेल तर काय, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर कलम १३२ मध्येच आहे: बेकायदेशीर हेतूच्या सिद्धीसाठी झालेल्या संभाषणास वकिलाच्या बाबतीतही संरक्षण नाही. तोच अपवाद ठेवून संसदेने तेच संरक्षण इतर करसल्लागारांनाही द्यावे.

एकाच संहितेचे एकाहून अधिक अर्थ संभवतात, हे साहित्याच्या अभ्यासकांस सांगावयास नको. करकायदाही संहिताच आहे. भाष्यकार भीतीने गप्प झाला, तर वसुली करणाऱ्याचा अर्थ तेवढाच उरतो. आणि त्याची किंमत सल्लागाराहून अधिक करदात्यास मोजावी लागते.