गंजाखालचं बीड
इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात 1897 साली सुरू झालेल्या वॅडकिन कंपनीची जुनी करवत-यंत्रं आज हौशी सुतारांच्या गॅरेजमध्ये पुन्हा फिरताहेत. अशा यंत्रांची डागडुजी हाच या अंकाचा विषय.

एवढं वजन घरात आणायचं कशाला? बिडाचा जड सांगाडा थरथर गिळतो, काप स्वच्छ येतो. गंजाला घाबरू नका. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात विद्युत-विघटनाने तो सुटतो. धनाग्राला स्टेनलेस स्टील मात्र लावू नका, विषारी क्रोमियम उतरतं. बॉल बेअरिंग बहुधा प्रमाणित मापाची, म्हणून आजही मिळतात. आयझॅक बॅबिट यांनी 1839 साली काढलेल्या मिश्रधातूची बेअरिंग असतील, तर नव्याने ओतावी लागतात, आणि पहिल्याच यंत्रावर हा उद्योग करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सांगाड्याला तडा असेल तर फुकटातही यंत्र घेऊ नका.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. नवा रंग नंतर द्या, आधी पात्यावरचं संरक्षक झाकण बसवा. जुन्या यंत्रांवर ते बहुधा हरवलेलंच असतं.