प्रश्न सगळ्यांचे, उत्तर कुणाचे?

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या बातमीचा मथळा वर्षानुवर्षे तोच असतो: ‘पाणीप्रश्नावरून नगरसेवकांनी प्रशासनाला धरले धारेवर’. पाण्याच्या जागी खड्डे घाला, कचरा घाला, भटकी कुत्री घाला, बाकीचे वाक्य जागचे हलत नाही. पण खालची बातमी नीट वाचली तर लक्षात येते की धारेवर धरणाऱ्यांत सत्ताधारी पक्षाचे नगरसेवकही असतात आणि पुष्कळदा त्यांचाच आवाज अधिक असतो. सभागृहनेते उठून विचारतात, ‘अधिकारी करतात तरी काय?’ विरोधी पक्षनेते बाके वाजवतात. महापौर ‘पंधरा दिवसांत अहवाल सादर करा’ असे निर्देश देतात. अतिरिक्त आयुक्त मान डोलावतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. बाहेरून आलेला माणूस गॅलरीत बसला असेल तर त्याला कळणार नाही की या शहराचा कारभार नक्की कुणाकडे आहे. प्रश्न विचारणारे सगळेच.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि ही सभागृहे पुन्हा भरली. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती, पुण्याची त्यानंतर आठवड्याभराने. म्हणजे जवळपास चार वर्षे. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर यांच्या मुदती तर २०२० मध्येच संपल्या होत्या. नगरसेवकांची एक आख्खी मुदत तिथे नगरसेवकांवाचून गेली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेची ओढाताण. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते. ते कलम या काळात जागच्या जागी होते.

प्रशासकाच्या राजवटीत कामे झाली नाहीत असे नाही. काही जण तर खासगीत म्हणत की नगरसेवक नाहीत तेच बरे, फायली भराभर पुढे जातात. जातातच. मुंबईत सिमेंट रस्त्यांची सुमारे सहा हजार कोटींची कामे याच काळात मंजूर झाली. प्रस्ताव मांडणारे प्रशासन, मंजूर करणारे प्रशासक, आणि आयुक्त हेच प्रशासक. अर्थसंकल्पाचेही तसेच. आयुक्तांनी तो स्थायी समितीच्या अध्यक्षांच्या हाती द्यायचा, मग समितीने त्यावर दिवसचे दिवस बोलायचे, अशी जुनी रीत. समितीच नाही म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी तो प्रशासकांना सादर केला. २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. एवढ्या पैशांबद्दल सभागृहात उभे राहून ‘हे कशासाठी?’ म्हणणारा एकही माणूस नव्हता. प्रश्न विचारले गेले ते पत्रकार परिषदांत, पत्रांतून, माहिती अधिकाराच्या अर्जांतून. माहिती अधिकारात उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते आणि ते अर्जदाराच्या घरी जाते. सभागृहातले उत्तर इतिवृत्तात जाते आणि शहराच्या नावे जमा होते. हा फरक लहान नाही.

तेव्हा सभागृह परत आले याचा आनंद मलाही आहे. पण मथळाही त्याच्या मागोमाग परत येणार.

याचे मूळ दीडशे वर्षांपूर्वीच्या भांडणात आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरला जवळजवळ सर्वाधिकार मिळाले. आर्थर क्रॉफर्ड हा त्या जागेवरचा माणूस कर्तबगार होता, पण हात सैल. त्याने मंडई उभारली, गटारे आणि रस्ते यांची कामे धडाक्याने काढली आणि खर्च हाताबाहेर गेला. १८७१ मध्ये करदाते खवळले. कमिशनरचे पंख छाटा, कारभार समितीकडे द्या, अशी हाकाटी सुरू झाली. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहता यांनी उलटे मत मांडले. दोष एका हाती कारभार असण्यात नाही, त्या हाताला जाब विचारणारे निवडून आलेले सभागृह नाही, यात आहे. १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी निम्म्या जागा करदात्यांच्या मतावर भरल्या जाऊ लागल्या, आणि १८८८ चा कायदा, जो मुंबईत अजून लागू आहे, त्याच विचाराच्या पायावर उभा राहिला. मेहतांचा पुतळा पालिका मुख्यालयासमोर आहे.

मेहतांची मांडणी त्या काळाला चोख होती. समोर इंग्रज सरकारने नेमलेला अधिकारी, इकडे लोकांचे प्रतिनिधी. सगळ्या नगरसेवकांनी मिळून कमिशनरला विचारायचे, यात सत्ताधारी-विरोधक असा भेद येण्याचे कारणच नव्हते. इंग्रज गेले, पक्ष आले, जाहीरनामे आले, ‘आमच्या हाती पालिका द्या’ म्हणून मते मागितली जाऊ लागली. मांडणी मात्र तीच राहिली. आजही कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त नेमणार राज्य सरकार, बदली करणारही तेच. महापौर सभेचे अध्यक्ष आणि शहराचे प्रथम नागरिक. मोटारीवर दिवा होता तेव्हाही कार्यकारी अधिकार नव्हते. म्हणून बहुमत मिळवलेला पक्ष सभागृहात बसून आपल्याच कारभारावर प्रश्न विचारू शकतो आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. निविदा मंजूर करताना स्थायी समितीत आपण. रस्ता खचला की दोषी प्रशासन. इतकी सोयीची सत्ता दुसरीकडे कुठे मिळणार?

कोलकात्यात असे होत नाही. तिथे १९८० च्या दशकापासून महापौर-परिषद आहे. महापौर आणि त्यांचे सहकारी खाती सांभाळतात, नगरसेवकांचे प्रश्न त्यांच्याकडे जातात आणि उत्तर त्यांनाच द्यावे लागते. इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या कौन्सिलांत २००० च्या कायद्यानंतर नेता आणि त्याचे मंत्रिमंडळ अशी रचना आली. तिथेही नगरसेवक उठून नेत्याला विचारतो, मुख्य अधिकाऱ्याला नाही. आपणही हा प्रयोग केला होता. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर-परिषद आली आणि वर्षभरातच गुंडाळली गेली. मंत्रालयाला शहरात दुसरे सत्ताकेंद्र नको असते, कोणत्याही पक्षाचे सरकार असो. आणि खरे सांगायचे तर नगरसेवकांनीही त्यासाठी फार हट्ट धरला नाही. उत्तरे देण्यापेक्षा प्रश्न विचारणे केव्हाही बरे.

ही रचना उद्या बदलेल असे मला वाटत नाही. मग आहे त्यात काय करता येते? माझे मत असे की आपल्याकडे तोंडी गर्जनेला फार भाव आहे आणि लेखी प्रश्नाला फार कमी.

लेखी प्रश्नाचा कागद पाहिला आहे का कधी? डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. ‘(१) अमुक प्रभागातील जलवाहिनीचे काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, विलंबाची कारणे काय? (३) ठेकेदारावर काय कारवाई केली?’ उजवीकडे: ‘(१) अंशतः खरे आहे. (२) कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ या तीन ओळींत मराठी प्रशासकीय गद्याची सारी प्रतिभा एकवटलेली आहे. तरी मी या कागदाच्या बाजूने आहे. कारण उत्तर कितीही कोरडे असले तरी ते तयार करताना फाइल शोधावी लागते. कनिष्ठ अभियंत्याकडून माहिती मागवली जाते, तो उपअभियंत्याला पाठवतो, तिथून खातेप्रमुखाकडे, तिथून सही. वर्षभर कपाटात पडलेला कागद या निमित्ताने चार टेबलांवरून फिरतो. कधीकधी काम या फिरण्यातच मार्गी लागते आणि उत्तर सभेत येईपर्यंत खड्डा बुजलेला असतो.

मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यात हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पूर्ण सात दिवसांची लेखी नोटीस नगरसचिवांकडे द्यायची, प्रश्न आयुक्तांना. त्याखाली अटींची मोठी यादी. प्रश्नात युक्तिवाद नको, उपरोध नको, आरोप नको, विशेषणे नकोत, मत विचारायचे नाही, क्षुल्लक माहिती मागायची नाही. नियमात बसत नसेल तर महापौर प्रश्न नाकारू शकतात. आपल्या नगरसेवकांची सभागृहातली भाषणे या चाळणीतून काढली तर ‘सन्माननीय महापौर’ एवढेच चाळणीवर उरेल.

पण या अटी शापाऐवजी वर म्हणून वापरता येतात. ‘प्रशासन झोपले आहे काय?’ हा उपरोध झाला, कायद्याने बाद आणि उत्तराच्या दृष्टीने निरुपयोगी. त्याऐवजी असे विचारावे: अमुक टाकीवरून आमच्या भागाचा व्हॉल्व्ह गेल्या तीन महिन्यांत रोज किती वाजता उघडला आणि किती वाजता बंद केला? नोंदवही ठेवली जाते काय? असल्यास प्रत द्यावी. आता इथे ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणता येत नाही. नोंद आहे किंवा नाही. आहे म्हटले तर आकडे येतात, आणि पहाटे पाचला बादल्या लावून बसणाऱ्या बायका ते आकडे खरे की खोटे हे घड्याळ न बघता सांगतात. नाही म्हटले तर व्हॉल्व्ह कुणाच्या मर्जीने उघडतो हा पुढचा प्रश्न तयार. चावीवाल्याला कुणाचा फोन जातो हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक असते, फक्त इतिवृत्तात नसते.

असे प्रश्न विचारायला तयारी लागते, आणि बातमी होत नाही. म्हणून विचारले जात नाहीत. प्रजा फाउंडेशन ही संस्था मुंबईतल्या नगरसेवकांच्या प्रश्नांचा हिशेब ठेवत आली आहे. रस्त्यांना आणि चौकांना नावे देण्याबद्दलचे प्रश्न तिच्या अहवालांत वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर दिसत. नाव दिल्याने कुणी नाराज होत नाही, फलकावर आपलेही नाव येते. आणखी एक आपली खास रीत म्हणजे श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करणे. मृतांबद्दल आदर असावाच, पण अडचणीचा विषय असलेल्या दिवशीच तो नेमका उफाळून येतो असा माझा संशय आहे. तहकुबीत प्रश्नोत्तरांचा तास गेला की तो गेलाच. प्रश्न पुढच्या सभेत, पुढची सभा पुन्हा तहकूब.

एकट्याने विरोधात उभे राहण्याचा वारसा मात्र आपल्या सभागृहांना आहे, आणि तो जुना आहे. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचे ठरले. फुल्यांचे म्हणणे, हे पैसे शिक्षणावर खर्च करा. मतदान झाले तेव्हा विरोधात ते एकटेच होते. सरकारने नेमलेला सदस्य सरकारच्या पाहुण्यासाठीच्या खर्चाला नाही म्हणतो, हे आजच्या स्वीकृत नगरसेवकांनी जरा सावकाश वाचावे. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांनी असाच विरोध केला होता. मंडई तरीही झाली. पुढे आचार्य अत्रे नगरसेवक असताना तिला फुल्यांचेच नाव देण्यात आले. खर्चाचा मुद्दा कुणाला आठवला नाही, नाव देण्याचा आठवला. वर लिहिलेली खोड अशी जुनी आहे.

मोठ्या सभागृहाची चर्चा आपण करतो, पण नव्या नगरसेवकाला मी प्रभाग समितीकडे बोट दाखवीन. तिथे कॅमेरे नसतात, आयुक्तही नसतात. टेबलाच्या पलीकडे तुमच्या भागाचा अभियंता, आरोग्य निरीक्षक, उद्यान खात्याचा माणूस हातभर अंतरावर बसलेला असतो आणि त्याला तुमच्या गल्लीचे नाव माहीत असते. ‘माहिती घेऊन कळवतो’ हे तिथेही ऐकू येते, पण महिन्याभराने पुन्हा तोच माणूस समोर येतो. मागच्या बैठकीचे इतिवृत्त हातात धरून ‘घेतली का माहिती?’ एवढे विचारायला वक्तृत्व लागत नाही. या बैठका वेळेवर होतात का आणि नगरसेवक त्यांना पूर्ण वेळ बसतात का, हे पाहिले तर कामाचा माणूस कोण ते सहा महिन्यांत कळेल.

वाचकांना एक काम सांगतो. आपल्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा नळ, गटार, दिवा सांगालच. ते सांगून झाले की विचारा, ‘पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही दिलेल्या लेखी प्रश्नांची प्रत मिळेल का?’ बहुतेक जण आधी गोंधळतील, मग ‘पाठवतो व्हॉट्सॲपवर’ म्हणतील. जे आले ते मला पाठवा, उत्तरांसकट. नावे न देता, पण प्रभागाच्या क्रमांकासह, ते पुढच्या एखाद्या आठवड्यात याच जागी छापू.